सेलूपासून समुद्र किती दूर?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. शीरखुर्म्याच्या वाट्या आवरून झाल्या होत्या. पाहुणे पांगले होते आणि घरची माणसं तेवढी ओसरीवर बसली होती. माझी पुतणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे तिचे विषय. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चाचा, मला पुढं समुद्रविज्ञान शिकायचंय. गोव्याला."

भाईजानच्या कानावर ते पडलंच. ते हसून म्हणाले, "समंदर किधर, सेलू किधर!" सगळे हसले. भाभी म्हणाल्या, "बी.एड. कर. इथंच शाळेत लागशील. घरच्या घरी नोकरी." पुतणी मात्र हसली नाही. खाली मान घालून दस्तरख्वानाची घडी घालत राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरात शिक्षणाचा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. त्या रात्रीही बघितलं, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. समुद्रविज्ञान शिकतात कुठं, त्यासाठी काय लागतं, त्यातून पोट भरतं का, आणि आमच्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या गावातल्या मुलीनं त्या वाटेला जावं का, यातलं मला धड काहीच माहीत नव्हतं. पुढचे दोन महिने मी वाचत राहिलो, विचारत राहिलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे. असा प्रश्न उद्या आणखी कुणाच्या ओसरीवरही निघेल.

आपली माती समुद्राच्या तळाशी

आमचं सेलू परभणी जिल्ह्यातलं. नकाशावर पट्टी ठेवली तर अरबी समुद्र सरळ रेषेत जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर लांब आहे. गावात समुद्र पाहिलेली माणसं आहेत. कुणी मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याला जाऊन आलं, कुणी विमानाच्या खिडकीतून पाहिला. पण समुद्राशी आपला काही संबंध आहे असं इथं कुणाला वाटत नाही.

संबंध आहे, आणि तो गावाशेजारूनच वाहतो. आमची दुधना. निम्न दुधना प्रकल्पाचं पाणी सेलूकरांना नवीन नाही. ही दुधना पुढं पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरात उतरते. म्हणजे आपल्या अंगणातलं पावसाचं पाणी वाटेत अडलं, मुरलं नाही तर शेवटी समुद्रालाच जातं. जाताना ते एकटं जात नाही, शेतातली काळी माती सोबत नेतं.

ही माती समुद्रात हरवत नाही. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळात नळी खुपसून गाळाचा लांब नमुना काढण्यात आला. अशा नमुन्याला 'कोअर' म्हणतात. भांड्यात साचलेल्या दह्याचे थर असावेत तसे त्यात गाळाचे थर असतात. वर नवा गाळ, खाली जुना. त्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या अतिसूक्ष्म जिवांची कवचं सापडतात. त्यांतल्या कार्बनवरून थर किती जुना ते ठरवतात. निओडिमियम या मूलद्रव्याच्या प्रमाणांवरून माती कुठली तेही कळतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती वेगळी, पूर्व घाटाच्या जुन्या खडकाची वेगळी. या नमुन्याच्या अभ्यासातून असं दिसलं की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत हवामान कोरडं होत गेलं, शेती वाढत गेली आणि समुद्रात येणाऱ्या गाळात दख्खनच्या मातीचा वाटाही वाढत गेला.

हे वाचताना मला आमच्या बांधावरून वाहून जाणारं गढूळ पाणी आठवलं. दरवर्षी आपण म्हणतो, माती गेली. ती जाते कुठं, याचा हिशोब समुद्राच्या तळाशी थरांनी लिहिलेला आहे. तो वाचणाऱ्याला समुद्रविज्ञान शिकावं लागतं.

अलाहाबादचा मुलगा

भाईजानचा पहिला आक्षेप होता गावाचा. समुद्राकाठी जन्मलेल्यांनी समुद्र शिकावा. त्यावर मला एका माणसाचं चरित्र सापडलं.

डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म ३१ डिसेंबर १९२६, अलाहाबाद. गंगा-यमुनेच्या संगमाचं शहर, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. शालेय शिक्षण तिथल्याच मजीदिया इस्लामिया संस्थेत झालं. पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून १९४९ मध्ये बी.एस्सी. आणि १९५१ मध्ये प्राणिशास्त्रात एम.एस्सी. माझ्या पुतणीच्याच विषयात. तोवर त्यांच्या शिक्षणात समुद्र कुठंच नव्हता. १९५३ मध्ये ते ब्रिटनमधल्या वेल्समध्ये बँगोरच्या विद्यापीठ महाविद्यालयात गेले. तिथं भरती-ओहोटीच्या खडकांच्या कपारीत राहणाऱ्या लहान माशांच्या जीवनाचा त्यांनी अभ्यास केला. १९५६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर ते पुन्हा अलीगढला शिकवू लागले. त्याच सुमारास हिंदी महासागराच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू झाली होती. तोवर हा महासागर जगात सर्वांत कमी अभ्यासला गेलेला होता. अनेक देशांची जहाजं त्यात उतरली आणि भारतही उतरला. डॉ. कासिम या कामात आले. कोचीच्या खाडीपाण्यात प्रकाश किती खोल जातो, त्यात सूक्ष्म वनस्पती किती वाढतात, मासे त्यावर कसे जगतात, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. गोव्यात दोना पावला इथं तिचं मुख्यालय आहे. १९७४ ते १९८१ या काळात डॉ. कासिम तिचे संचालक होते.

त्यांच्याच काळात संस्थेला 'गवेषणी' हे संशोधन जहाज मिळालं. २६ जानेवारी १९८१ रोजी या जहाजानं हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याच्या आकाराचे धातूचे गोळे वर काढले. त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. पुढे १९८७ मध्ये या गोळ्यांच्या शोधासाठी भारताला महासागरात मोठं क्षेत्र राखून मिळालं, त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ६ डिसेंबर १९८१ रोजी, गोव्याहून 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं जहाज निघालं. त्यावर २१ भारतीय होते आणि त्यांचे नेते होते डॉ. कासिम. वय पंचावन्नच्या घरात. ९ जानेवारी १९८२ रोजी हे पथक अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरलं. भारताची ही अंटार्क्टिकाची पहिली मोहीम. २१ फेब्रुवारीला सगळे सुखरूप गोव्याला परतले. पुढे डॉ. कासिम केंद्रात महासागर विकास विभागाचे सचिव झाले, जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले, नियोजन मंडळाचे सदस्य झाले. पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. २० ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचं निधन झालं.

आमच्या मुलांना क्रिकेटपटूंची नावं तोंडपाठ आहेत, नटांची आहेत. हे नाव मी वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वी माझाही झाला नसता.

नागपूरची मुलगी

दुसरा आक्षेप भाभींचा. मुलीची जात, ती जहाजावर कशी जाणार?

त्याचंही उत्तर जुनंच आहे, आणि ते महाराष्ट्रातलं आहे. डॉ. अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूरला झाला. पुणे विद्यापीठातून त्यांनी बी.एस्सी. केलं. पुढे काय, हे ठरलेलं नव्हतं. त्याच वेळी ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं खुल्या समुद्रातल्या तरंगत्या जिवांवरचं एक पुस्तक त्यांच्या हाती आलं आणि त्यांनी वाट ठरवली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या, तिथून एम.एस. केलं आणि लंडनला वेस्टफील्ड कॉलेजमधून पीएच.डी. मिळवली. अभ्यासाचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. जमिनीवरची सगळी झाडं एकत्र केली तर त्यांचं जेवढं काम होतं, जवळपास तेवढंच काम समुद्रात या वनस्पती करतात. आपण घेतो त्या श्वासाशी त्यांचा असा संबंध आहे.

शिक्षण संपवून डॉ. पंत भारतात परतल्या आणि गोव्याच्या त्याच संस्थेत रुजू झाल्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या होत्या. भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता याही होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या या पहिल्या स्त्रिया. याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. त्यानंतर संशोधन जहाजांवर मुलींनी जाणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

आणि एक गैरसमज. समुद्रविज्ञान म्हणजे सतत जहाजावर राहणं नव्हे. मोहीम काही आठवड्यांची असते. बाकीचा सगळा काळ प्रयोगशाळेत, संगणकासमोर आणि ग्रंथालयात जातो. उपग्रहांच्या नोंदींवर काम करणारे कितीतरी संशोधक वर्षानुवर्षं जहाजावर पाय ठेवत नाहीत.

यात शिकतात तरी काय?

समुद्रविज्ञान हे एकच शास्त्र नाही. आपल्या कॉलेजात शिकवले जाणारे विषयच समुद्रावर नेऊन वापरले की त्याच्या चार शाखा होतात.

भौतिकशास्त्र आणि गणित झालेल्यांसाठी लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी, पाण्याचं तापमान आणि वारे. रसायनशास्त्रवाल्यांसाठी पाण्यातले क्षार, वायू, पोषकद्रव्यं आणि प्रदूषण. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र झालेल्यांसाठी समुद्रातले जीव. भूशास्त्रवाल्यांसाठी तळ, गाळ आणि किनारे. म्हणजे सेलू-परभणीच्या साध्या बी.एस्सी.तून चारही दारं उघडतात.

एक उदाहरण देतो. बी.एस्सी.ला रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिकवतात. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं आणि निळा रंग गेला की थांबायचं. विंकलर पद्धत म्हणतात तिला. १८८८ पासूनची ही पद्धत आजही संशोधन जहाजांवर वापरतात. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत पाण्याचा असा थर आहे की ज्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी तो एक. डॉ. सय्यद वजीह नक्वी यांनी या थरावर आयुष्य वेचलं. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपत चालला आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. त्यांना १९९६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. पुढे तेही गोव्याच्या संस्थेचे संचालक झाले.

हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चाचा, ते टायट्रेशन तर मी मागच्याच सत्रात केलंय. दुधनेचं पाणी आणून." तिच्या चेहऱ्यावर ईदच्या दिवसानंतर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

पाऊस आपला, चावी समुद्राकडे

आता या सगळ्याचा आपल्या संसाराशी काय संबंध, ते सांगतो. मला विचाराल तर हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आपण 'मोसम' म्हणतो, 'मोसमी वारे' म्हणतो. हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. मौसिम म्हणजे ठरलेला काळ. इंग्रजांचा 'मान्सून'ही तिथूनच. अरब खलाशांना वाऱ्याचा हा काळ पाठ होता. कधी निघालं तर वारा कोकण-मलबारला नेतो आणि कधी निघालं तर परत आणतो, यावर त्यांचा सगळा व्यापार उभा होता. पंधराव्या शतकात इब्न माजिद या अरब नाखुदानं हिंदी महासागराच्या प्रवासाचं शास्त्र लिहून ठेवलं. दर्या, बंदर, जहाज, खलाशी, नाखवा हे मराठीतले शब्द अरबी-फारसीतूनच आले आहेत. समुद्राचं ज्ञान आपल्या भाषेत असं मुरलेलं आहे, आपणच ते विसरलो.

हे वारे निघतात विषुववृत्ताच्या खालून, दक्षिण हिंदी महासागरातून. आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून ते वळतात आणि अरबी समुद्रावरून पाणी उचलत आपल्याकडे येतात. सह्याद्री त्यांना अडवतो आणि कोकणात, घाटमाथ्यावर पाणी उतरवून घेतो. मराठवाड्याच्या वाट्याला उरलेलं येतं. आपली भिस्त बरीचशी बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असते. म्हणजे सेलूच्या शेतकऱ्याला एक नाही, दोन समुद्र पोसतात.

त्यातही दूरच्या समुद्राचे खेळ असतात. पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं की एल निनो होतो आणि आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस रुसतो. २०१५ चं वर्ष तसंच होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती आगगाडी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. उलट हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड असला तर त्याची मदत होऊ शकते. या झोक्याची ओळख १९९९ मध्ये जगाला करून दिली ती जपानमध्ये काम करणाऱ्या साजी हमीद या भारतीय संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१९ मध्ये हा झोका जोरात होता आणि देशात पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी दाखवून दिलं आहे की गेल्या शतकात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळी महिन्यांत १.२ अंशांपर्यंत तापला. त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. आपल्या शेतातला अनुभव हाच नाही का? आधी वीस-वीस दिवस उघडीप, पेरलेलं सुकतं, मग एका रात्रीत इतका पाऊस की उभं सोयाबीन पाण्यात.

अब्बा आभाळाकडे बघून सांगायचे, दोन दिवसांत येईल. तो अंदाज आता चुकतो, कारण समुद्रच बदलतो आहे. या बदलाचा हिशोब मांडणाऱ्या माणसांची गरज कोकणापेक्षा आपल्याला जास्त आहे. मासेमाराला निदान समोर समुद्र दिसतो. आपल्याला तो दिसतही नाही, आणि घर मात्र त्याच्यावर चालतं.

वाट कशी आहे?

आता कामाचं. हौशी मुला-मुलींच्या पालकांनी हा भाग कापून ठेवला तरी चालेल.

पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करावी लागते. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. आहे. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्रविज्ञानाच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. तमिळनाडूत अण्णामलाई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र परंगीपेट्टईला, अगदी किनाऱ्यावर आहे. ज्यांना मत्स्यशास्त्रात रस आहे त्यांच्यासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मत्स्यविज्ञानाची पदवी तर आपल्या मराठवाड्यातही, उदगीरला करता येते. प्रवेश परीक्षेद्वारे मिळतो. तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या विद्यापीठाचं संकेतस्थळ डिसेंबरपासूनच बघत राहावं. आमच्याकडची बरीच मुलं हुशारी कमी म्हणून नाही, तारीख निघून गेली म्हणून मागं राहतात.

एम.एस्सी.नंतर संशोधन करायचं तर 'नेट' परीक्षा आहे. विज्ञानाच्या नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह यांचा स्वतंत्र विषय असतो. रसायन किंवा जीवशास्त्राची नेट देऊनही या क्षेत्रात येता येतं. पात्र ठरलेल्या संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढच्या टप्प्यात ४२,००० रुपये शिष्यवृत्ती, शिवाय घरभाडं मिळतं. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता भरवसा नेटवरच ठेवावा लागेल आणि तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच करावी लागेल.

गणिताचा कंटाळा करू नये. प्राणिशास्त्रवाल्यांनाही आकडेवारी लागतेच. संगणकाची 'पायथन' ही भाषा शिकून घ्यावी, ती घरबसल्या शिकता येते. जगाच्या महासागरांत आज सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगयंत्रं सोडलेली आहेत. दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटर खोल बुडी मारतात, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. या सगळ्या नोंदी जगातल्या कुणालाही मोफत मिळतात. सेलूच्या एखाद्या खोलीत बसलेली मुलगीसुद्धा आज अरबी समुद्राचं तापमान मांडून बघू शकते. माझी पुतणी सध्या तेच करते आहे.

नोकरीचं खरं सांगायला हवं. जागा थोड्या आहेत. पीएच.डी.ला पाच वर्षं जातात आणि त्यानंतरही काही काळ प्रकल्पापुरत्या कंत्राटी जागेवर काम करावं लागतं. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, तिथंच वास्कोला असलेलं ध्रुवीय संशोधन केंद्र, चेन्नईची महासागर तंत्रज्ञान संस्था, पुण्याची हवामानशास्त्र संस्था, हवामान खातं, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, तेल कंपन्या, बंदरं, पर्यावरणाचं काम करणाऱ्या खासगी संस्था, ही मुख्य ठिकाणं. केंद्रानं २०२१ मध्ये खोल महासागर मोहीम मंजूर केली. माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारं वाहन त्यातच बनतं आहे. त्यामुळे काम वाढतं आहे. पण ज्याला दोन वर्षांत पक्की नोकरी हवी, त्यानं या वाटेला जाऊ नये. ज्याच्या डोक्यात प्रश्न आहेत आणि घरचे सात-आठ वर्षं धीर धरू शकतात, त्यानं जरूर जावं.

घरातले प्रश्न

हे सगळं मी भाईजानसमोर मांडलं. विज्ञानाचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रश्न आले ते बापाचे. वसतिगृह कसं आहे? मुलींचं वेगळं आहे ना? जेवणाचं काय? तिच्या निकाहचं वय पुढं गेलं तर?

या प्रश्नांना हसू नये. ज्यांनी मुलगी वाढवली, त्यांना ते पडणारच. मी एवढंच म्हणालो, वसतिगृह आपण दोघं जाऊन पाहून येऊ. जेवण कुठलं घ्यायचं ते ती ठरवेल, तेवढी ती मोठी झाली आहे. राहिला निकाह. बी.एड. केलं तरी तो प्रश्न राहणारच आहे. शिकलेल्या मुलीला जो अडचण समजेल, तो जावई आपल्यालाच का हवा?

भाभी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला दहावीला विज्ञानात सर्वांत जास्त मार्क होते." एवढंच बोलून त्या आत चहा टाकायला गेल्या. तेवीस वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. भाईजानही बहुतेक पहिल्यांदाच.

आमच्या स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेस जाते. एका टोकाला मुंबई, म्हणजे समुद्र. दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद. त्या बाजूला हैदराबादेत देशाचं महासागर माहिती सेवा केंद्र आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर देशाला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र तिथंच उभं राहिलं आणि २००७ पासून ते रात्रंदिवस चालू आहे. मासे कुठं मिळतील, लाटा किती उंच असतील, ते तिथून कोळ्यांना कळवतात. आणि हैदराबादलाही समुद्र नाही! हे सांगितलं तेव्हा भाईजान पहिल्यांदा विचारात पडले.

पुतणीनं गोव्याचा अर्ज भरला आहे. परीक्षा व्हायची आहे. प्रवेश मिळेल की नाही ते अल्लाहला ठाऊक, मेहनत तिच्या हातात आहे आणि ती करते आहे. फजरनंतर तिच्या खोलीतला दिवा लागलेला दिसतो.

परवा संध्याकाळी मी भाईजानच्या दुकानात गेलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. वहीतून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "गोव्याला जायला आपल्या इथून गाडी कशी आहे रे?"

मी म्हणालो, "मुंबईला बदलावी लागेल."

"हं," ते म्हणाले, आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून घेतलं.